मन राखणारा की मानवणारा?

हा लेख आम्ही नवरा-बायकोने मिळून लिहिला आहे. खाली आमचे नाव नाही, फादरांनी तशी परवानगी दिली आहे. ज्यांना ओळखू येईल त्यांना येईलच, आपला धर्मग्राम काही मुंबईएवढा मोठा नाही. पण ओळखले तरी आमच्या मुलीला त्याविषयी काही विचारू नका, एवढी विनंती. लेख आधी तिला वाचायला दिला होता. तिने दोन परिच्छेद काढून टाकायला सांगितले, ते आम्ही काढले.

गेल्या महिन्यात आमच्या आळीत लघु ख्रिस्ती समूहाच्या सभेत मनाच्या आजारांवर बोलणे झाले. सभा संपता संपता एका बहिणीने विचारले, "उपचार करणारे पुष्कळ आहेत हो, पण आपल्याला योग्य कोण हे ओळखायचे कसे?" प्रार्थनेची वेळ झाली होती, त्यामुळे उत्तर अर्धवट राहिले. घरी चालत येताना आम्ही दोघे त्याच प्रश्नावर बोलत होतो. कारण या प्रश्नात आम्ही एकदा सपशेल चुकलो आहोत, आणि त्या चुकीची किंमत आमच्या मुलीने मोजली आहे.

२०२१ च्या ऑक्टोबरात चर्चची दारे पुन्हा उघडली तेव्हा ती कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. इतर मुले चर्चला यायला कंटाळा करत, आमची मुलगी मात्र आठवड्यातून तीन-तीनदा पापनिवेदनाला जाऊ लागली. शनिवारी संध्याकाळी आपल्या चर्चमध्ये, रविवारी सकाळी शेजारच्या धर्मग्रामात. तिच्या मावशीने तर सांगून टाकले, "ही सिस्टर होणार बघा." खोटे कशाला बोलावे, आम्हाला अभिमान वाटत होता.

मग ती कम्युनियनच्या रांगेतून परत फिरू लागली. एकदा, दोनदा, नंतर दर रविवारी. रोझरी म्हणताना लक्ष जरा विचलित झाले की पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात. एक रोझरी दीड तास चाले. तिच्या उशीखाली एक वही सापडली, त्यात बारीक अक्षरात पापांची यादी होती, आणि शेजारी पुन्हा प्रश्न: हे सांगितले का? नीट सांगितले का? फादरांना नीट ऐकू आले असेल का? रात्री एक वाजता ती आम्हाला उठवून विचारायची, "मम्मी, हे मोठे पाप आहे का?" आम्ही म्हणायचो, "नाही गं बाळा, हे पापच नाही, झोप." तिला पाच मिनिटे बरे वाटायचे. मग पुन्हा दारावर टकटक.

आता आम्हाला ठाऊक आहे की हा आजार आहे. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, त्याची भीती वाटते, ती भीती शमवण्यासाठी माणूस एखादी कृती पुन्हा पुन्हा करतो. कोणी हात धूत राहतो, कोणी कुलूप तपासत राहतो, कोणी पाप तपासत राहतो. ख्रिस्तसभेला हे दुखणे जुने परिचयाचे आहे. त्याला युरोपात जे नाव पडले, स्क्रुपल, त्याचा मूळ लॅटिन अर्थ बारीक टोकदार खडा. चपलेत शिरलेला खडा जसा पावलोपावली टोचतो, तसा. संत इग्नाशियस १५२२ साली मान्रेसा येथे असताना या खड्याने इतके बेजार झाले की जीव द्यावा असे विचार त्यांच्या मनात आले. त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी सांगितले, अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांगा. पण इग्नाशियसना सगळेच स्पष्ट वाटत होते! आमच्या मुलीच्या वहीची गोष्ट याहून वेगळी नव्हती.

पण तेव्हा आम्हाला हे काही माहीत नव्हते. मदत घ्यायची एवढे मात्र ठरले. आणि निवड आम्ही केली.

आमच्या ओळखीचे एक समुपदेशक होते. आपल्याच समाजातले, वयाने मोठे, दर रविवारी मिस्साला येणारे, बोलायला गोड. फी जवळजवळ नाहीच. मुलीला त्यांच्याकडे न्यायचे म्हणजे कोणाला संशय येणार नाही, लोक म्हणतील ओळखीच्या घरी गेले आहेत. आणखी एक गोष्ट होती, ती आज लिहिताना लाज वाटते. मुलगी आत काय बोलली हे ते आम्हाला नंतर फोन करून सांगत. आम्हाला ते फार सोयीचे वाटले. "किती जबाबदार माणूस," असे आम्ही एकमेकांना म्हणालो.

ते माणूस म्हणून चांगले होते, आजही आहेत, त्यांच्याविषयी आमच्या मनात राग नाही. ते मुलीला धीर देत, देव किती दयाळू आहे हे समजावत. रोज एक रोझरी जास्त म्हण, असे त्यांनी सांगितले. जी मुलगी एका रोझरीत दीड तास अडकत होती, तिला दुसरी रोझरी! चार महिन्यांत तिची तब्येत अर्धी झाली. आणि एक दिवस तिला कळले की ती आत जे बोलते ते आमच्या स्वयंपाकघरात पोचते. त्या दिवसापासून तिने त्यांच्याशी आणि आमच्याशी दोघांशीही बोलणे बंद केले.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, मानवणे. हवा मानवते, पाणी मानवते, औषध मानवते. मानवणे म्हणजे आवडणे नव्हे. काढा कडू लागतो पण मानवतो. श्रीखंड आवडते पण सगळ्यांना मानवत नाही. आणि दुसरा शब्दप्रयोग आहे, मन राखणे. पाहुण्याचे मन राखायला आपण तिसरी पोळी खातो. आम्ही मुलीसाठी मन राखणारा माणूस निवडला होता. तोही तिचे नव्हे, आमचे मन राखणारा. तो आमच्या लाजेला मानवला, आमच्या खिशाला मानवला, मुलीच्या खोलीत डोकावण्याच्या आमच्या सवयीला मानवला. फक्त जिला दुखत होते तिलाच मानवला नाही.

म्हणून त्या बहिणीच्या प्रश्नाला आमच्या मते आधी एक प्रश्न जोडायला हवा: योग्य म्हणजे कोणासाठी योग्य? घरातले माणूस आजारी पडले की घरच्यांच्याही गरजा असतात. चारचौघांत नाव राहावे, सगळे लवकर पूर्वीसारखे व्हावे, मुलीचे लग्न मोडू नये. त्या गरजा खोट्या नाहीत. पण त्या घेऊन आपण दुसऱ्याच्या जखमेसाठी वैद्य शोधायला निघतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. बार्तिमय आंधळा आहे हे येशूला दिसत नव्हते का? तरी त्याने त्यालाच विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? भोवतीच्या लोकांना विचारले असते तर ते म्हणाले असते, आधी याचे ओरडणे थांबवा.

पुष्कळांना वाटते, निवडण्याची भाषाच चुकीची. डॉक्टर हा डॉक्टर, देवाने समोर आणला त्याच्याकडे जावे, नम्रतेने ऐकावे. बाजारात भाजी निवडतात तसे काय निवडायचे? आम्हालाही असेच वाटे. पण पुढे आम्ही फादरांशी बोललो तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला नवीन होती. १९८३ च्या धर्मकायद्यातील ९९१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक ख्रिस्ती माणसाला अधिकृत धर्मगुरूंपैकी आपल्या पसंतीच्या धर्मगुरूंकडे पापनिवेदन करण्याचे स्वातंत्र्य आहे. विचार करा, पापक्षमा ही काही धर्मगुरूंच्या स्वभावावर अवलंबून नसते. ते रागीट असोत की प्रेमळ, संस्कार तोच. तरीही ख्रिस्तसभा म्हणते, तू निवड. मग जिथे उपचार बऱ्याच अंशी त्या दोन माणसांच्या नात्यातूनच होतो, तिथे निवडण्याला स्वार्थ कसे म्हणायचे?

आविलाची संत तेरेजा (१५१५-१५८२) या बाबतीत फार रोखठोक होती. अर्धवट शिकलेल्या मार्गदर्शकांनी आपले फार नुकसान केले, असे तिने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. भाविकता चांगली, पण त्याबरोबर ज्ञान हवे, हा तिचा आग्रह. आपल्या मठातील सिस्टरांना अधूनमधून दुसऱ्या जाणत्या माणसाशी बोलण्याची मोकळीक असावी, असेही तिचे म्हणणे होते. संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ साली छापलेल्या पुस्तकात आध्यात्मिक मार्गदर्शक दहा हजारांतून एक निवडावा असे लिहिले, आणि त्याच्या अंगी प्रेम, ज्ञान व शहाणपण ही तिन्ही असावीत असे सांगितले. आमच्या त्या सज्जन समुपदेशकांकडे यातले पहिले भरपूर होते. दुसऱ्यासाठी त्यांनी सहा महिन्यांचा एक कोर्स केला होता.

ज्ञानाचा विषय निघाला आहे तर थोडे व्यवहाराचे सांगतो, कारण पाटीवरचे शब्द वाचून आमचाही गोंधळ झाला होता. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएस झालेले आणि पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, ते गोळ्या लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, ते तपासण्या व बोलण्यातून उपचार करतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही, चांगला माणूस रागावत नाही. समुपदेशक हा शब्द मात्र ऐसपैस आहे. त्याखाली दोन वर्षांची एमएची पदवी आणि देखरेखीखाली अनुभव घेतलेले लोकही बसतात, आणि एका उन्हाळी शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलेही. म्हणून कुठे शिकलात, माझ्यासारखा त्रास असलेले लोक तुम्ही पाहिलेत का, उपचार कोणत्या पद्धतीने करता, हे पहिल्याच भेटीत विचारावे. फी आणि किती भेटी लागतील हेही. आपल्याकडे शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारणे उद्धटपणा समजतात. घर रंगवायला देताना मात्र आपण रंगाऱ्याला दहा प्रश्न विचारतो.

आमच्या मुलीने पुढची माणसे स्वतः शोधली. २०२२ च्या अखेरीस तिने एका रात्री १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन केला. ही मोफत सेवा त्याच वर्षी १० ऑक्टोबरला सुरू झाली होती, मराठीतही बोलता येते. तिथे तिला प्रथमच कोणी सांगितले की तिचे जे चालले आहे त्याला नाव आहे आणि त्यावर उपाय आहे. मग ती मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेली. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे नाव दिले. मुलगी त्यांना मॅडम म्हणते, आम्हीही तेच म्हणू.

मॅडम आपल्या धर्माच्या नाहीत. आम्हाला कळले तेव्हा आमचे पाय गळाले. आमच्या मुलीचा आजार धर्माच्या गोष्टीतच गुंतलेला, आणि तो सोडवणार ज्यांना कम्युनियन म्हणजे काय हे ठाऊक नाही त्या बाई? चर्चमुळेच तुझे असे झाले, चर्च सोड, असे त्यांनी सांगितले तर? ही भीती आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. श्रद्धा हाच रोग असे मानणारे उपचारकही असतात. असा कोणी भेटला तर तिथून निघून यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जो तुमच्या जगण्याचा एवढा मोठा भाग कचऱ्यात काढतो, त्याला तुम्ही दिसलेलाच नाहीत.

पण मॅडमनी तसे केले नाही. पहिल्या भेटीत त्यांनी विचारले, "कम्युनियन घेणे म्हणजे तुझ्यासाठी काय असते, मला समजावून सांग. मला माहीत नाही." मुलीने अर्धा तास समजावले. ती सांगते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने येशूविषयी भीती न वाटता कोणाला काही सांगितले. आपल्या धर्माच्या माणसाला हे सांगावेच लागले नसते. त्याला ते ठाऊक असते, म्हणून त्याने विचारलेच नसते. पुढे मॅडमनी मुलीची लेखी संमती घेऊन फादरांना फोन केला. ख्रिस्तसभा खरोखर काय शिकवते आणि आजार काय बोलतो, यातली रेघ त्यांना फादरांकडून समजून घ्यायची होती. दोघांनी मिळून ठरवले: पापनिवेदन एकाच धर्मगुरूंकडे, ठरलेल्या दिवशीच, यादी नाही.

आता यावरून कोणी असे म्हणू नये की उपचार करणारा ख्रिस्ती नसलेलाच बरा. काहींना आपल्या श्रद्धेच्या माणसापुढेच मन उघडता येते, आणि मानसशास्त्र रीतसर शिकलेले फादर आणि सिस्टरही आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच मेंढपाळांनी मानसशास्त्राचा उपयोग करून घ्यावा असे म्हटले आहे. आमचे म्हणणे एवढेच की गळ्यातला क्रूस पाहून निवडू नये आणि क्रूस नाही म्हणून टाळूही नये.

मॅडमकडचा उपचार सोपा नव्हता. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली ज्याचा पाया घातला ती ही पद्धत. भीतीला सामोरे जायचे, पण ती शमवणारी नेहमीची कृती करायची नाही. म्हणजे मनात वाईट विचार आला तर येऊ द्यायचा, वहीत लिहायचा नाही, कोणाला "हे पाप का" असे विचारायचे नाही, आणि त्या शंकेसह बसून राहायचे. मॅडमनी आम्हालाही बोलावले, मुलीच्या समोर. म्हणाल्या, "तुम्ही प्रेमापोटी दर वेळी उत्तर देता. ते उत्तर तिच्या आजाराचे खाद्य आहे." दोन वर्षे आम्ही रात्री उठून तिला जे दिले ते औषध समजून दिले होते. तिची आई त्या दिवशी बोरिवली स्टेशनच्या बाकावर बसून रडली. विरारच्या दोन गाड्या सोडल्या.

तिसऱ्या भेटीनंतर मुलगी घरी येऊन म्हणाली, "मी परत जाणार नाही. त्या निर्दय आहेत." इथे आमच्यापुढे खरा पेच उभा राहिला, आणि आजही आम्हाला तो पूर्ण सुटला आहे असे वाटत नाही. निवडण्याचे स्वातंत्र्य आहे म्हणजे सोडण्याचेही आहे. पहिल्या समुपदेशकांना तिने सोडले ते योग्यच केले. मग यांनाही सोडते म्हणाली तर अडवायचे कोणत्या तोंडाने? पण जी मुलगी दर आठवड्याला नवा धर्मगुरू शोधत होती, तिचे ते स्वातंत्र्य होते की पळणे होते? अशा शंकाकुल माणसाला ख्रिस्तसभेतील जुन्या मार्गदर्शकांनी एकच धर्मगुरू धरून राहा असाच सल्ला दिला आहे. तोच नियम इथे लावायचा का? आपल्याला ओळखत नाहीत त्यांच्याकडे जात राहिले की कोणीच आपल्याला पुरते पाहत नाही. मनाचा उपचार घेणारेही असे दारे बदलत फिरू शकतात.

तिच्या डॅडींनी तिला एवढेच सांगितले, "निर्णय तुझा. पण हे त्यांच्या तोंडावर सांगून ये." ती गेली आणि सांगितले. मॅडम म्हणाल्या, "बरे झाले बोललीस. काय निर्दय वाटले ते सांग." त्यांनी वेग कमी केला, पद्धत सोडली नाही. कोणती गोष्ट आधी घ्यायची हे मुलीला ठरवू दिले. ती राहिली.

या एका प्रसंगातून आम्ही जे शिकलो ते कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसते. ज्याला आपण "तुमचे हे मला पटत नाही" असे सांगू शकतो आणि सांगितल्यावर जो ते ऐकतो, तिथे काम होऊ शकते. सांगून पाहिल्यावरही ऐकत नसेल, अपमान करत असेल, आपले बोलणे बाहेर नेत असेल, तर सोडावे, आणि सोडताना कृतघ्नपणा वाटू देऊ नये. पण न सांगताच पळावेसे वाटत असेल तर थोडे थांबून पाहावे. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडले की उपचारातले नाते तीन गोष्टींवर उभे असते: दोघांमधला विश्वास, कुठे पोचायचे याविषयी एकमत, आणि त्यासाठी काय करायचे याविषयी एकमत. आमच्या पहिल्या निवडीत पोचायचे कुठे हेच कोणी मुलीला विचारले नव्हते. आम्हाला ती पूर्वीसारखी हवी होती. तिला मात्र, तिने नंतर सांगितले, फक्त एक मिस्सा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकायची होती.

गुप्ततेविषयी दोन शब्द. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराची व उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असणे असे काही अपवाद आहेत. सज्ञान मुलीच्या आईबापांची उत्सुकता त्या अपवादात बसत नाही. आता ती घरी आली की आम्ही "काय बोललीस?" असे विचारत नाही, "चहा घेतेस का?" असे विचारतो. हे वाचायला सोपे वाटते, करायला फार जड जाते.

भाषेचाही विचार करावा. घरात आपली बोली, शाळेत इंग्रजी, देवळात मराठी, असे आपल्या मुलांचे झाले आहे. रडू कोणत्या भाषेत येते ते पाहावे आणि ती भाषा जाणणारे माणूस मिळते का बघावे. आमची मुलगी विचार इंग्रजीत सांगते आणि भीती मराठीत. मॅडमना दोन्ही येतात, हे नशीब.

आणि हे सगळे ज्यांना परवडते त्यांचेच आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही मान खाली घालू. मॅडमची एका तासाची फी बाराशे रुपये होती, पुढे त्यांनी ती कमी केली. जी बहीण पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन दादरला जाते, तिने मुलासाठी चार जण पाहून एक निवडावा असे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे? सरकारी रुग्णालयात खर्च नगण्य आहे, पण तिथे डॉक्टर निवडता येत नाही, आणि एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. आजारी माणसाच्या शस्त्रक्रियेसाठी आपण धर्मग्रामात वर्गणी काढतो. मनाच्या उपचारासाठी काढलेली आम्ही अजून पाहिलेली नाही. नाव जाहीर न करता हे कसे करता येईल, यावर पॅरिश कौन्सिलने विचार करावा. आमचा वाटा आम्ही देऊ.

एक गोष्ट मात्र निवडीच्या बाहेरची. कोणी जीव देण्याचे बोलत असेल तर योग्य कोण याचा शोध घेत बसू नये. जे रुग्णालय जवळ आहे तिथे न्यावे, १४४१६ ला फोन लावावा, माणसाला एकटे सोडू नये. निवड नंतर होईल.

आमच्या लहानपणी कोणी वेडेवाकडे बोलले की "याला ठाण्याला पाठवा" म्हणत. १९०१ सालापासून तिथे मनोरुग्णालय आहे, आणि तेव्हापासून त्या शहराच्या नावाची आपण थट्टा केली आहे. मुलगी आजारी असताना ठाण्याचे एक आमंत्रण आले होते, साध्या लग्नाचे. तिची आई ते वाचून दचकली होती. किती खोल जाते एक थट्टा!

मुलगी आता नोकरी करते. मॅडमकडे महिन्यातून एकदा जाते, गोळ्यांचे डॉक्टर ठरवतात. मिस्साला ती शेवटच्या बाकावर बसते. कधी कम्युनियनला जाते, कधी जात नाही. ज्या दिवशी जात नाही त्या दिवशी आजारामुळे, की कशामुळे, हे आम्हाला कळत नाही आणि आम्ही विचारत नाही. पूर्वीसारखी ती झालेली नाही. पूर्वीसारखी म्हणजे नक्की कोणासारखी, असे तिनेच एकदा आम्हाला विचारले होते.

मागच्या आठवड्यात आम्ही तिघे ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होतो. बऱ्याच महिन्यांनी तिने अचानक मान वर केली आणि विचारले, "डॅडी, मनात असा असा विचार आला तर ते पाप का हो?" तिच्या डॅडींच्या ओठांवर उत्तर तयार होते. त्यांनी ते गिळले. म्हणाले, "मला नाही ठाऊक." ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरोबर." आणि पुढची शेंग घेतली.